हूलिगन म्हणजे नक्की कोण? गुंड, टवाळखोर, हुल्लडबाज की आणखी काही?

कातरवेळ
मंडळी, मदत हवीये. सध्या एका माहितीपटाची मराठी सबटायटल्स करतेय, विषय ऐंशीच्या दशकातलं इंग्लंडमधलं फुटबॉल, आणि त्यात दर दोन मिनिटांनी एक शब्द येतो तो म्हणजे हूलिगन. पोलीस म्हणतात हूलिगन, मंत्री म्हणतात हूलिगन, एक म्हातारी बाई शेजारच्या पोरांना हसत हसत म्हणते हूलिगन, आणि एक टकलू गृहस्थ स्वतःबद्दल छाती फुगवून सांगतो की होय आम्ही हूलिगन होतो. शब्द एकच, पण चौघांच्या तोंडी चार वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटतं.

आता 'गुंड' लिहायला गेले तर आपल्या डोळ्यासमोर खंडणी, हप्ते, सुपारी असलं काहीतरी येतं. हे लोक तर सोमवार ते शुक्रवार नोकरी करून शनिवारी मारामारी करणारे, त्यात त्यांना दमडी मिळत नाही, उलट तिकिटाचे पैसे खिशातून जातात. 'दंगेखोर' लिहिलं की वाचणाऱ्याला जातीय दंगल आठवते. 'समाजकंटक' म्हणजे पोलिसांच्या प्रेसनोटमधला शब्द, माणसाच्या तोंडून तो कधी ऐकलाय का कुणी? 'टवाळखोर' फारच गुळमुळीत. 'हुल्लडबाज' त्यातल्या त्यात जवळ जातो पण पडद्यावर माणसं मेलेली दिसतायत आणि खाली मी हुल्लडबाजी लिहितेय हे काही बरं दिसत नाही. आणि सबटायटलला जागा किती, तर दोन ओळी, त्यात स्पष्टीकरण कोंबता येत नाही.

तर हा शब्द आला कुठून, नेमका कुणाला लावतात, कुणाला लावत नाहीत, हे जाणकारांनी सांगावं.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. जाणकार येईपर्यंत पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनीपानं
चांगला विषय आहे. मला माहीत आहे ते लिहितो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

हा शब्द छापील स्वरूपात धडाधडा दिसायला लागतो तो १८९८ च्या उन्हाळ्यात, लंडनच्या वर्तमानपत्रांतल्या पोलीस कोर्टाच्या बातम्यांत. त्या वर्षी ऑगस्टच्या बँक हॉलिडेला लंडनमध्ये रस्त्यांवर बराच राडा झाला, पोरांच्या टोळ्यांनी मारामाऱ्या केल्या, पोलिसांवर हात टाकला, वाटेतल्या लोकांना त्रास दिला, शेकड्यानं लोक कोर्टासमोर उभे राहिले. पेपरवाल्यांना अशा पोरांसाठी एक नवं, चटपटीत नाव पाहिजेच होतं आणि ते त्यांना सापडलं. बघता बघता हूलिगन, हूलिगनिझम, झालंच तर क्रियापद, सगळं कुटुंबच तयार झालं.

त्या पोरांचा एक ठरावीक अवतार असायचा. खाली रुंद होत गेलेली पॅंट, गळ्यात रुमाल, डोक्यावर टोपी, केस एकदम बारीक कापलेले पण कपाळावर झुलपं सोडलेली, पायात लोखंडी टोकाचे बूट आणि कमरेला जाडजूड चामडी पट्टा. हा पट्टा पॅंट सावरायला कमी आणि मारामारीत बकलाच्या बाजूनं फिरवायला जास्त. म्हणजे 'हूलिगन' हे सुरुवातीपासून वागण्याचं नाव होतंच पण पोशाखाचंही होतं. त्याच काळात मॅंचेस्टरमध्ये 'स्कटलर' आणि बर्मिंगहॅममध्ये 'पीकी ब्लाइंडर' अशी स्थानिक नावं होती. ती तिथल्या तिथेच राहिली (दुसऱ्याला अलीकडे टीव्हीनं जीवदान दिलं), हूलिगन मात्र राजधानीच्या पेपरांत बसलेला असल्यामुळे जगभर गेला.

आता व्युत्पत्ती. खात्रीचं उत्तर नाही, इंग्रजी कोशही 'अनिश्चित' म्हणून मोकळे होतात. १८९९ मध्ये क्लॅरेन्स रूक नावाच्या पत्रकारानं लिहिलं की पॅट्रिक हूलिगन नावाचा एक आयरिश इसम दक्षिण लंडनमध्ये राहायचा, दारूच्या गुत्त्यांवर दांडगाई करणाऱ्यांना बाहेर काढायचं काम करायचा, एका पोलिसाला मारून तुरुंगात गेला आणि तिथेच मेला, त्याच्या नावावरून हे आलं. गोष्ट झकास आहे पण त्याला दुजोरा देणारा कागद नाही. दुसरं मत असं की त्या दशकात म्युझिक हॉलमध्ये (म्हणजे तिथल्या गाण्या-नकलांच्या थिएटरांत) एका धिंगाणेबाज आयरिश कुटुंबावर गाणं गाजत होतं, त्या कुटुंबाचं आडनाव हूलिगन. मला स्वतःला हे गाण्याचं प्रकरण जास्त पटतं कारण रस्त्यावरची पोरं एखाद्या न पाहिलेल्या पॅट्रिकचं नाव घेण्यापेक्षा तोंडावर असलेल्या गाण्यातलं नाव उचलतील.

सह्याद्रीचावारा
इतकं लांब कशाला जायचं? हूलिगन हा सरळसरळ आपल्या 'हुल्लड' वरून गेलेला शब्द आहे. ठग गेला, लूट गेली, मग हुल्लड का जाणार नाही? हुल्लड करणारे गण म्हणजे हुल्लडगण, त्याचं हूलिगन. गोऱ्यांनी आपल्याकडून काय काय नेलं याचा हिशोब कुणी मांडत नाही.

जुनीपानं
वारासाहेब, ठग आणि लूट गेले त्याचा माग आहे. कंपनी सरकारच्या कागदांत, अधिकाऱ्यांच्या पत्रांत, मग इंग्रजी पुस्तकांत अशी पायरी पायरीनं वाट दिसते. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३० च्या दशकात ठगांचा बंदोबस्त केला आणि त्याच्या लिखाणातून तो शब्द इंग्रजी वाचकांपर्यंत पोचला. हुल्लडची अशी एकही पायरी नाही. भारताशी काडीचा संबंध नसलेल्या लंडनच्या एका कोपऱ्यात तो एकदम १८९८ ला उगवतो, तेही आयरिश आडनावाच्या रूपात. आवाज जुळला म्हणून नातं जुळत नाही.

सह्याद्रीचावारा
असहमत, पण वाद घालत नाही. माझ्यापुरता तो हुल्लडगणच.

रिकामटेकडा
हुल्लडगण शब्द म्हणून मात्र जाम आवडला आहे, कातरवेळताई सबटायटलमध्ये टाकून बघा.

बेकरस्ट्रीट
शेरलॉक होम्सच्या चाहत्यांसाठी एक तुकडा. १९०४ मध्ये आलेली नेपोलियनच्या सहा पुतळ्यांची गोष्ट आठवते का, ज्यात कुणीतरी घराघरांत शिरून नेपोलियनचे प्लास्टरचे पुतळे फोडत सुटतो. त्यात पहिला पुतळा दुकानात फुटतो तेव्हा सगळे त्याला काय समजतात, तर अधूनमधून घडणारं हूलिगनिझमचं एक निरर्थक कृत्य, आणि गस्तीवरच्या पोलिसाकडे तशीच नोंद होते. गंमत म्हणजे तिथे इंग्रजीत हूलिगनिझमचा एच मोठा आहे, म्हणजे सहा वर्षं झाली तरी ते अजून आडनावासारखंच लिहीत होते.

आणि धागाकर्तीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या गोष्टीतच आहे असं मला वाटतं. पुतळा फोडण्यात कुणाचा काही फायदा दिसत नाही, म्हणून ते हूलिगनिझम. पुढे होम्स दाखवून देतो की त्यामागे चांगला रोकडा हेतू होता (काय ते सांगत नाही, न वाचलेल्यांचा विरस नको), आणि हेतू सापडला त्या क्षणी ते हूलिगनिझम राहत नाही, सरळ गुन्हा होतो. म्हणजे काही मिळवायचं नाही, नुसतंच तोडायचं, हे या शब्दाचं मर्म. गुंडाचा तो धंदा असतो, हूलिगनचा नसतो.

कातरवेळ
हे फार म्हणजे फारच उपयोगी आहे. माझं गुंडाशी कुठे अडत होतं ते आता नीट कळलं.

आल्फाबेट
आयरिश आडनावाबद्दल थोडी भर. मूळ आडनाव आयरिश भाषेत 'ओ हूअलाखान' अशासारखं काहीतरी उच्चारतात, मुळात त्यात 'मानी, गर्विष्ठ' असा अर्थ आहे, त्याचं इंग्रजी वळण हूलिहान किंवा हूलिगन. आता योगायोग बघा, डब्लिनमध्ये १९०२ साली येट्स आणि लेडी ग्रेगरी यांचं 'कॅथलीन नी हूलिहान' नावाचं नाटक रंगमंचावर आलं. त्यात ही कॅथलीन म्हणजे साक्षात आयर्लंड देश, परक्यांनी घर बळकावलेली म्हातारी, जिच्यासाठी पोरं जीव द्यायला निघतात. म्हणजे चारच वर्षांच्या अंतरानं एकाच आडनावाची समुद्राच्या अलीकडे भारतमाता झाली आणि पलीकडे शिवी झाली.

लंडनमध्ये तेव्हा गरीब आयरिश वस्ती भरपूर, आणि त्यांच्याबद्दल पेपरांची भाषा कशी होती हे सांगायला नको. त्या पट्टेवाल्या पोरांत इंग्रज पोरं काही कमी नव्हती, पण नाव चिकटवताना आयरिश आडनावच सापडलं. माझ्या मते या शब्दात जन्मापासूनच थोडं 'ही आपल्यातली पोरं नव्हेत हो' असं आहे.

व्होल्गातीर
रशियन थोडंफार येतं म्हणून लिहिते. हा शब्द रशियात गेला आणि तिथे त्याचा जो काही संसार झाला तेवढा इंग्लंडमध्येही झाला नाही. रशियनला ह सारखा नीट उच्चार नाही म्हणून तिथे तो 'खुलिगान'. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पीटर्सबर्गच्या पेपरांत रुळला, आणि क्रांतीनंतर १९२२ च्या पहिल्या सोव्हिएत फौजदारी कायद्यात चक्क गुन्ह्याचं नाव म्हणून जाऊन बसला. इंग्लंडमध्ये तुम्हाला हूलिगनिझमच्या कलमाखाली पकडता येत नाही कारण तसं कलमच नाही, तिथे १९८६ च्या पब्लिक ऑर्डर ॲक्टखाली दंगल, सामूहिक हिंसा, मारामारी असे वेगवेगळे आरोप ठेवतात, दंगल म्हणायची तर किमान १२ माणसं लागतात वगैरे. रशियात मात्र थेट कलम.

आणि त्या कलमाची व्याख्या कशी, तर सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवणारं आणि समाजाबद्दल उघड अनादर दाखवणारं वर्तन. आता अनादर मोजायचा कशानं? त्यामुळे कशातच न बसणारं सगळं यात बसवता येतं. १९५६ मध्ये तर 'किरकोळ खुलिगानपणा' साठी वेगळा हुकूम निघाला, ३ ते १५ दिवस आत, त्यात रस्त्यात शिव्या देणारेही आले. 'पंधरा दिवस' हा तिथे वाक्प्रचारच झाला.

सगळ्यात भारी उदाहरण मथियास रुस्टचं. १९८७ मध्ये हा १८ वर्षांचा जर्मन पोरगा हेलसिंकीहून छोटं सेसना विमान घेऊन उडाला, अख्खी सोव्हिएत हवाई संरक्षण व्यवस्था चुकवत मॉस्कोत रेड स्क्वेअरच्या शेजारी उतरला. तारीख २८ मे, म्हणजे नेमका सोव्हिएत सीमारक्षक दिन! संरक्षणमंत्र्यांची खुर्ची गेली. आणि पोरावर आरोप काय, तर बेकायदा सीमा ओलांडणं, हवाई नियम मोडणं, आणि हो, खुलिगानपणा. ४ वर्षांची शिक्षा झाली, पुढच्या वर्षी सोडून दिलं.

२०१२ मध्ये मॉस्कोच्या मोठ्या चर्चमध्ये पुतीनविरोधी गाणं म्हणणाऱ्या पुसी रायट या बँडच्या मुलींना २ वर्षं झाली तीही 'धार्मिक द्वेषातून केलेला खुलिगानपणा' या नावाखाली. म्हणजे एका टोकाला बाटल्या फोडणारा दारुडा आणि दुसऱ्या टोकाला सरकारला नको असलेलं गाणं, दोघांना एकच शब्द.

चीनमध्येही १९७९ च्या कायद्यात 'लिउमांग' नावाचा गुन्हा होता, इंग्रजीत त्याचं भाषांतर हूलिगनिझमच करतात. त्याची झोळी इतकी मोठी की अंधारात नाचाची पार्टी केली तरी माणूस आत जाऊ शकत होता. १९९७ मध्ये ते कलम काढलं.

रिकामटेकडा
विमान उतरवलं तर हुल्लडबाजी?? सीमारक्षक दिनाला?? मी खुर्चीवरून पडलो.

व्होल्गातीर
हाहा. पण रशियात याची दुसरी बाजूही आहे बरं का, लाडिक बाजू. कवी येसेनिननं १९२१ मध्ये स्वतःलाच खुलिगान म्हणवून घेत कवितासंग्रह काढला होता. वांड पोराला आजी कौतुकानं खुलिगान म्हणते. विनापरवाना रेडिओ चालवणाऱ्या हौशी पोरांना 'रेडिओखुलिगान' म्हणायचे. तुमच्या माहितीपटातली म्हातारी बाई तीच असणार.

मराठीचाकैवारी
सगळं वाचलं. प्रत्येक वेळी परका शब्द जसाच्या तसा उचलायची काय गरज आहे कळत नाही. मराठीला दांडगटांची काय वानवा? धटिंगण, टगे, टारगट, पुंड, उनाड, उडाणटप्पू, वांड, द्वाड, उपद्रवी, मोकाट, धुडगूसखोर, ओवाळून टाकलेला. एवढी श्रीमंती असताना हूलिगन लिहायचं म्हणजे घरचं ताट सोडून दुसऱ्याच्या पानात बघण्यासारखं आहे. 'धटिंगण' घ्या की! काय ठसका आहे.

बेकरस्ट्रीट
कैवारी, यादी मस्त पण त्यातले निम्मे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. वांड आणि द्वाड लहान मुलाला. उडाणटप्पू म्हणजे काम न करणारा, तो मारेलच असं नाही. पुंड म्हटलं की सत्तेविरुद्ध उठलेला जुन्या काळचा कुणीतरी, घोड्यावर बसलेलाच दिसतो. टारगट पोरं नाक्यावर शिट्ट्या मारतात, स्टेडियमची खुर्ची उखडून फेकत नाहीत. धटिंगण आहे जोरदार, पण तो एकटा असतो. 'एक धटिंगण आला' म्हणतो आपण. हूलिगन शब्दात घोळका गृहीत आहे. एकटा हूलिगन म्हणजे नुसता एक चिडका माणूस.

मराठीचाकैवारी
घोळका हवा तर 'धटिंगणांची टोळी' म्हणा.

बेकरस्ट्रीट
दोन ओळींच्या सबटायटलमध्ये?

आल्फाबेट
भांडू नका, इंग्रजीतसुद्धा हीच पंचाईत आहे. त्यांच्याकडे या घराण्यात माणसं भरपूर आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. चार सांगतो.

हूडलम अमेरिकन, १८७० च्या आसपास सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला. त्याची एक दंतकथा आहे की मल्डून नावाच्या टोळीप्रमुखाला घाबरून बातमीदारानं नाव उलटं करून नूडलम लिहिलं आणि खिळे जुळवणाऱ्यानं त्याचं हूडलम केलं. आपल्या 'ध चा मा' चा अमेरिकन भाऊ, आणि बहुधा तितकाच रचलेला. पुढे तो गॅंगस्टरकडे झुकला, म्हणजे त्यात धंदा आला. यॉब ब्रिटिश, आणि त्याची व्युत्पत्ती पक्की: बॉय उलटा लिहा. एकोणिसाव्या शतकात फेरीवाल्यांची उलट बोलायची सांकेतिक भाषा होती त्यातला. व्हॅंडल म्हणजे माणसांना सोडून वस्तू फोडणारा. बिचारे व्हॅंडल लोक, त्यांनी ४५५ मध्ये रोम लुटलं खरं, पण 'व्हॅंडलिझम' हा शब्द फ्रेंच राज्यक्रांतीत १७९४ मध्ये आबे ग्रेगवारनं घडवला, तेव्हा फुटत होते ते फ्रान्समधले पुतळे नि चर्च. तेराशे वर्षांनी आळ मात्र व्हॅंडलांवर.

गून हा शब्द आपल्या गुंडावरून गेला असं बरेच जण छातीठोक सांगतात पण तसं नाही, तो अमेरिकेतला स्वतंत्र शब्द आहे आणि १९३० च्या दशकात पॉपायच्या चित्रपट्टीतल्या ॲलिस द गून या राक्षसी पात्रामुळे घरोघरी गेला. गुंड इंग्रजीत गेला तो 'गुंडा' या वेगळ्या रूपात.

माझा लाडका मात्र मिस्क्रिअंट. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत 'अज्ञात मिस्क्रिअंट' रोज दगड मारून पळून जातात, बाकी जगात हा शब्द जवळपास पेन्शनीत निघालाय. मूळ जुनं फ्रेंच, अर्थ 'चुकीची श्रद्धा असलेला', पाखंडी. त्यातला जो क्रे आहे तोच लॅटिन क्रेडोमधला आणि तो आपल्या 'श्रद्धा' शब्दातल्या 'श्रद्' चा सख्खा नातलग. म्हणजे बसवर दगड मारणारा प्रत्यक्षात अश्रद्ध निघाला.

सह्याद्रीचावारा
हे श्रद्धेचं आवडलं. बघा, शेवटी संस्कृत आलंच.

आल्फाबेट
नातलग म्हटलंय हो, बाप नाही म्हटलं.

कॉर्नरकिक
उशिरा पोचलो. फुटबॉल अनेक वर्षं बघतोय म्हणून त्या बाजूनं लिहितो, कारण ताईंच्या कामाचा गाभा तोच आहे.

फुटबॉलला हा शब्द घट्ट चिकटला तो १९६० च्या दशकापासून. पुढे ७० नि ८० च्या दशकात त्याला रीतसर संघटनेचं रूप आलं, टोळ्यांना ते 'फर्म' म्हणायचे, हो, कंपनीवाली फर्म. वेस्ट हॅमची 'इंटर सिटी फर्म' यात नावाजलेली. नाव पडलं कारण ही मंडळी चाहत्यांच्या स्वस्त खास गाड्यांनी न जाता साध्या इंटरसिटी गाड्यांनी जायची, म्हणजे पोलिसांचा पहारा चुकतो. मारलेल्या माणसाच्या अंगावर व्हिजिटिंग कार्ड टाकून जायचे, 'अभिनंदन, आपली आयसीएफशी भेट झाली' अशा अर्थाचं. क्लबचे रंगही अंगावर घालत नसत, त्याऐवजी महागडे इटालियन ब्रँडचे स्वेटर नि बूट, कारण पोलीस मफलरवाल्यांना हुडकत असत. ही 'कॅज्युअल' फॅशन. वर जुनीपानंनी पट्टा नि झुलपं लिहिलीत ना, तीच गोष्ट ८० वर्षांनी.

१९८५ च्या २९ मेला ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये युरोपियन कपची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. सामन्याआधी लिव्हरपूलचे काही लोक शेजारच्या भागावर चालून गेले, पळणारी माणसं भिंतीशी चेंगरली, भिंत कोसळली, ३९ गेले, बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांवर युरोपात ५ वर्षं बंदी आली, लिव्हरपूलवर ६. स्टेडियम मोडकळीला आलेलं होतं, बंदोबस्त ढिसाळ होता, सगळं खरं, पण चालून जाणारे हूलिगनच होते, त्यात काही शंका नाही, बेल्जियमच्या कोर्टानं १४ जणांना शिक्षा केली. इथे शब्द अगदी योग्य जागी आहे.

आणि आता दुसरी तारीख, १५ एप्रिल १९८९, शेफील्डचं हिल्सबरो, एफए कपची सेमीफायनल, पुन्हा लिव्हरपूल. बाहेर दारांवर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी बाहेर जाण्याचं एक मोठं गेट उघडायचा हुकूम दिला, लोक आत आले आणि समोरच्या बोगद्यातून सरळ मधल्या दोन पिंजऱ्यांत गेले, जे आधीच खचाखच भरले होते. पिंजरे म्हणजे अक्षरशः लोखंडी जाळीचे कुंपण घातलेले कप्पे. ते कशासाठी घातले होते? हूलिगनांनी मैदानात घुसू नये म्हणून. पुढे जागा नाही, मागून रेटा, वर जाळी. माणसं उभ्या उभ्या गुदमरली, ९७ गेले, त्यातला शेवटचा माणूस दुखापतींशी झगडत २०२१ पर्यंत जगला.

आणि त्याच दुपारी पोलिसांनी सांगायला सुरुवात केली की चाहत्यांनी गेट फोडलं. चारच दिवसांत एका खपाच्या पेपरनं पहिल्या पानावर छापलं की लिव्हरपूलवाल्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. लोकांनी विश्वास का ठेवला? कारण शब्द तयार होता. हायझेलला चारच वर्षं झाली होती, लिव्हरपूल म्हणजे हूलिगन हे डोक्यात पक्कं बसलेलं होतं, पुरावा मागायची कुणाला गरजच वाटली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती टेलर यांच्या अंतरिम अहवालानं मुख्य कारण पोलिसांचा बंदोबस्त कोसळणं हेच आहे असं स्पष्ट लिहिलं होतं, तरी तो कलंक पुसायला २०१६ उजाडावं लागलं, तेव्हा ज्यूरीनं सांगितलं की हे मृत्यू बेकायदा घडवलेले होते आणि चाहत्यांचा त्यात काही दोष नव्हता. २७ वर्षं आईबाप कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होते. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हे.

म्हणून ताई, तुम्ही शब्द कुठलाही घ्या पण तो कोण बोलतंय ते बघून घ्या. हायझेलच्या फुटेजखाली निवेदक म्हणतो ते वर्णन आहे. हिल्सबरोच्या संध्याकाळी पोलीस अधिकारी म्हणतो तो आरोप आहे, आणि खोटा आरोप आहे.

जुनीपानं
उत्तम प्रतिसाद. फक्त एवढंच जोडतो की हा शब्द जन्मापासून तसाच वागत आलाय. १८९८ मध्येही पेपर लिहीत होते की असं पूर्वी कधी नव्हतं, वीस वर्षांपूर्वीची पोरं किती गुणी होती. १८७० च्या दशकातले पेपर काढले तर ते म्हणतात आमच्या आधी सगळं आलबेल होतं. जेफ्री पिअर्सन नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये या एका तक्रारीच्या मागे मागे जात आख्खं पुस्तक लिहिलंय, प्रत्येक पिढी आपल्या लहानपणाकडे बोट दाखवते.

पोटभरू
कॉर्नरकिक, एक शंका. असं म्हणून खऱ्या मारकुट्यांना आपण मोकळं सोडत नाही का? फर्मवाले आता पुस्तकं लिहून, मुलाखती देऊन मिरवतात, त्यांनी ज्यांची तोंडं फोडली त्यांना कोण विचारतंय?

कॉर्नरकिक
अजिबात मोकळं सोडत नाही. उलट मला तेच खटकतं, की शब्द इतका सैल वापरला की खरे मारकुटे त्या गर्दीत लपतात. सगळ्या स्टॅंडला हूलिगन म्हटलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि ज्यानं खरंच चाकू चालवला त्याला 'आमच्या वेळची मजा' म्हणून पुस्तक लिहायला मोकळीक मिळते.

पोटभरू
हे पटलं. पूर्ण सहमत.

हिमनग
जाता जाता अवांतर. अलास्कात हूलिगन नावाचा मासा असतो. खरंच. मूळ नाव युलाकॉन, तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं, बोलता बोलता त्याचं हूलिगन झालं. चांदीसारखा, वीतभर, आणि इतका तेलकट की वाळवून वात लावली तर मेणबत्तीसारखा जळतो म्हणून त्याला कॅंडलफिशही म्हणतात. कुणाला काडीचा त्रास देत नाही.

रिकामटेकडा
धाग्यातला एकमेव निष्पाप हूलिगन.

कातरवेळ
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री बसून पुन्हा सगळा माहितीपट पाहिला आणि कॉर्नरकिक म्हणाले तसं बोलणाऱ्याप्रमाणे विभागलं. सध्या ठरवलंय ते असं:

निवेदक आणि टकलू गृहस्थ यांच्या तोंडी 'हूलिगन' तसाच ठेवतेय. टकलूला तर तो किताबच आहे, 'हो, आम्ही हुल्लडबाज होतो' म्हटलं की त्याची छाती फुगायच्या ऐवजी तो माफी मागतोय असं वाटतं. मंत्रीबाईंच्या भाषणात 'समाजकंटक', कारण मंत्री तसेच बोलतात, आपलेही. म्हातारी बाई पोरांना 'द्वाड कुठले!' म्हणेल, व्होल्गातीर यांना धन्यवाद. गर्दीच्या साध्या धिंगाण्याला 'हुल्लड' आणि जिथे माणसं मेली तिथे हुल्लड अजिबात नाही, तिथे 'चालून गेले', 'हल्ला केला' असं सरळ क्रियापद, विशेषणाची गरजच पडत नाही. कैवारी, तुमचा धटिंगण एका जागी चपखल बसलाय, गुत्त्याच्या दारात एकटाच उभा असलेला एक आडदांड माणूस दाखवलाय तिथे.

अडलेय ती एकाच ठिकाणी. हिल्सबरोच्या संध्याकाळी एक अधिकारी कॅमेऱ्यासमोर म्हणतो की हे हूलिगनांचं काम आहे. तिथे काय लिहू? 'हूलिगन' ठेवलं तर निवेदकाचा शब्द आणि याचा शब्द एकच होतो आणि प्रेक्षकाला वाटेल की माहितीपटच तसं म्हणतोय.

बेकरस्ट्रीट
अवतरणचिन्हात टाका.

कातरवेळ
अवतरण टाकलं तर असं वाटतं की तो स्वतःच उपरोधानं बोलतोय. तो तर अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगतोय.

आल्फाबेट
मग तिथे 'गुंड' लिहा. धागा तुम्ही त्या शब्दाला हाकलून सुरू केला होतात, पण इथे तो चुकीचा असणंच कामाचं आहे. साध्या तिकीट काढून आलेल्या माणसांना तो गुंड म्हणतोय हे मराठी प्रेक्षकाला एका शब्दात टोचेल.

कॉर्नरकिक
+१. आणि पुढच्याच दृश्यात जाहिरातींचे फलक काढून त्यांचे स्ट्रेचर करून माणसं वाहून नेणारे तेच 'गुंड' दिसतात, असेल ना ते फुटेज तुमच्याकडे?

कातरवेळ
आहे, लगेच पुढचंच आहे. झालं मग, गुंड.

मराठीचाकैवारी
एक राहिलं. अनेकवचन हूलिगन्स करू नका कृपया. एक हूलिगन, दहा हूलिगन. दगड, दगड तसं.

कातरवेळ
हे मात्र शंभर टक्के मान्य.